बाभळीवरचा कापूस

पोळा सरला की मी तेलाचा दिवा लावते आणि त्यावर खापर उलटं धरते. खापराच्या पोटात हळूहळू काजळी जमते. ती पिसानं झाडून घ्यायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायची, की भुलाबाईच्या डोळ्यांचा रंग तयार होतो. बाकीची कामं मी चार बायकांत बसून करते, हे एक काम एकटीनं करते. काजळीचा वास सुटला की जुनं सगळं वर येतं, आणि ते कोणाला दिसावं असं वाटत नाही.

आम्ही कुंभार. अमरावतीहून रिद्धपूरला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. मातीची बाई, शेजारी मातीचा भुलोजी, बाईच्या मांडीवर मातीचं लेकरू. संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणतात, झाकलेली खिरापत ओळखतात, नाही ओळखली तर भांडतात. पार्वती सासरहून महिनाभर माहेरी आली आहे, एवढाच त्या सगळ्याचा अर्थ. आणि गावातली प्रत्येक पार्वती माहेरी जाते ती आमच्या ओसरीवरून. चाकावरची मडकी पुरुषांची, भुलाबाई बायकांच्या हातची, असं आमच्यात पहिल्यापासून चालत आलं आहे.

डोळ्यांची रीत मात्र आमच्या एका घराचीच. डोळे कोणीही काढायचे नाहीत. ह्या घरातून सासरी गेलेली आणि त्या महिन्यात परत आलेली लेक असेल, तिनंच ते काढायचे. जी कधी गेलीच नाही तिला माहेर काय दिसणार, आणि जी सून होऊन आली तिचं हे माहेरच नव्हे. म्हणून माय सगळी मूर्ती घडवायची, रंगवायची, आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या सोडून द्यायची. आधी माझी आत्या येऊन डोळे काढायची. आत्या वारली आणि तो मान माझ्या थोरल्या बहिणीकडे आला. तिचं नाव सरस्वती. मी तिला बाई म्हणते.

यंदा बाई आली आहे. ओसरीवर लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन झोपली आहे, आणि मी आत बसून हे लिहिते आहे.

अकोल्याच्या पलीकडे तिचं सासर, तेही कुंभाराचंच, छपरांची कवेलू म्हणजे कौलं थापणारं. आईबापाच्या मरणाला ती आली, माझ्या लेकांच्या लग्नांना आली, दिवाळीलाही कधी कधी आली. पण फार मागच्या एका वर्षापासून पुढे भुलाबाईच्या महिन्यात तिनं ह्या घरात पाय ठेवला नाही. बोलावलं की म्हणायची, कवेलूंचं काम आहे. छपरं तर उन्हाळ्याआधी कोणी शाकारत नाही, पण तिला उलटून विचारायची माझी छाती नव्हती. आता तिचे कारभारी राहिले नाहीत, मुलं आपापल्या संसारात आहेत, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. उजेड कळतो, माणूस आवाजावरून ओळखते. यंदा मी न विचारता माझा थोरला लेक मुराळी म्हणून धाडला. माहेरवाशिणीला आणायला माहेरचं माणूस गेलं पाहिजे, तो मुराळी. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे आमची बैलगाडी. दारात उतरल्यावर बाईनं हातानं चौकट चाचपली आणि म्हणाली,

"आला बाप्पा तुमचा मुराळी. लय लवकर आला."

सगळे हसले. मीही हसले. पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि रांजणाला धरून उभी राहिले.

फळीवर यंदाच्या भुलाबाया ओळीनं उभ्या आहेत. छुईच्या पांढऱ्या मातीनं चेहरे सारवले आहेत, गेरूनं लुगडी रंगवली आहेत. डोळे नाहीत. पुनवेला अजून थोडा अवकाश आहे. बाईला म्हणायचं आहे, एकीचे तरी डोळे तू काढ. दोन दिवस झाले, म्हणायला जाते आणि भाकरी वाढू का एवढंच तोंडातून निघतं. डोळे काढणं तिचं होतं. मी ते सांभाळून ठेवलं असं म्हणावं तर तेही खरं नाही. मी ते वापरलं.

*

ते वर्ष कापसाच्या तेजीतलं. आमच्याकडे अजून वयं त्यावरून सांगतात. हा तेजीत झालेला, ही तेजी उतरली तेव्हाची. मी तेव्हा नऊदहा वर्षांची असेन. दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला मोल आलं, असं पुढे शाळेत मास्तरांनी सांगितलं. तेव्हा गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं. देवानं पाहिलं, एवढंच लोक म्हणायचे. मास्तरांनी सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही. त्या मुलखातही कोणाच्या बहिणी वाटेकडे डोळे लावून बसल्या असतील, आणि आम्ही इकडे बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवत होतो.

शेतकऱ्यांच्या घरी तांब्याच्या घागरी आल्या. तांब्याची घागर आली की आमचं मडकं मागच्या दारी जातं. बा म्हणायचा, लोकं सुखी झाले की कुंभार उपाशी. पण ते तितकं खरं नव्हतं, कारण गवताची छपरं जाऊन कवेलूंची होत होती, आणि भुलाबाई तर प्रत्येकीला शेजारणीपेक्षा मोठी हवी होती. पाटलीणबाईंना कमरेएवढी पाहिजे होती आणि तिच्या नाकात खरी सोन्याची नथ घालायची होती. मायनं सांगून पाहिलं की मातीचं नाक सोन्याचा भार पेलत नाही. त्या म्हणाल्या, मग नाक जाड कर. मायनं जाड केलं. महिनाभर गाव त्या नाकावरून हसलं, पाटलीणबाई सोडून.

आमची काळी माती कापसाला मानवते, आम्हाला मानवत नाही. नुसत्या काळ्या मातीचं काही केलं तर वाळताना तिला भेगा पडतात, चैतात शेताला पडतात तशा. म्हणून आम्ही तळ्यातली माती आणतो, तिच्यात चाळलेली राख घालतो, आणि भुलाबाईसाठी मूठभर कापूस पिंजून तुडवतो. तो असा जिरवायचा की दिसू नये. मग माती आतून एकमेकीला धरून राहते. पहिल्या वेचणीला शेतकऱ्यांच्या बायका ओंजळभर कापूस मायच्या पदरात टाकायच्या, तो पुढच्या वर्षाला पुरायचा. त्या साली कोणी टाकला नाही. माय मागायला गेली तर एक म्हातारी म्हणाली,

"औंदा नोको मागू वं माय. पोट्ट्याच्या उशीतला बी काढून इकला."

म्हणून कापूस आणायचं काम माझ्याकडे आलं. त्या साली पाऊस पोळ्यालाच थांबला होता आणि वाटा वाळल्या होत्या. भाव आणखी चढेल म्हणून लोकांनी घरात दडवून ठेवलेला कापूस बाहेर निघाला. गाड्यांवर गाड्या अमरावतीकडे जायच्या, तिथून पुढे अकोल्याकडे. गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असायच्या की दोन्ही बाजूंच्या बाभळी त्यांना ओरबाडायच्या. काट्याकाट्याला कापूस लागून राहायचा. सकाळी उन्हात ती सगळी वाट पांढरी दिसायची, बाभळीला भलताच बहर आल्यासारखी. मी एक टोपली घेऊन निघायचे आणि काट्यांवरून कापूस वेचायचे. बोटं रक्ताळायची. बोटं चोखायची आणि पुढची फांदी धरायची. धूळ, बैलांच्या घामाचा वास, वंगणाचा वास, आणि मध्येच बोटांना लागणारी ती मऊ गार रुई. इतकं सुख मला दुसऱ्या कामात नव्हतं.

जाताना माय सांगायची, एक डोळा काट्यावर ठेव आणि एक वाटेवर. वाटेवर बाई दिसायची होती.

दरवर्षी पोळा झाला की बा पाटलाची गाडी मागून घ्यायचा आणि मुराळी होऊन अकोल्याला जायचा. त्याला भाऊ नव्हता, आम्हालाही भाऊ नव्हता. त्या वर्षी पाटलाच्या गाड्या भाड्यानं लागल्या होत्या. पाटील वाईट माणूस नव्हता. आज सुटेल, उद्या सुटेल, परवाची नक्की तुझी, असं तो म्हणायचा आणि ते त्याला खरंच वाटायचं. बा सगळ्या आळ्या फिरला. कुठं गाडी होती तर बैल नव्हते, आणि बैल होते तिथं धनी आधीच बोलीला बांधलेला. शेवटी अकोल्याकडे निघालेल्या एका ओळखीच्या गाडीवानाजवळ त्यानं निरोप दिला की तयार राहा, गाडी मिळाली की निघालोच.

आता वाटतं, तो निरोपच द्यायला नको होता.

गाडीवान परत आला. गाडी मिठाच्या गोण्यांनी भरलेली होती. तो उतरला नाही, वरूनच बोलला.

"तुयी लेक वेशीबाह्यरच्या लिंबाखाली उभी राह्यते रोज. गाठोडं घेऊन. गाडी आली का पाह्यते, कोन उतरते त."

माय आत गेली. पायी आणण्याजोगं अंतर नव्हतं, आणि अनोळखी गाडीवानाच्या गाडीत तरणी लेक बसवता येत नव्हती. आमच्या अंगणात मात्र पाय बांधलेली गाढवं उभी होती. तळ्याची माती वाहून झाली होती, मडकी भाजायच्या आव्याला अजून वेळ होता, गाढवांना काम नव्हतं. ती कान हलवत माश्या उडवत होती. मी टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, "बा, गाढवं हाएत ना आपले."

माय बाहेर येऊन हसली, मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "गाढवावर धिंड काढतात पोरी, माहेरवाशीन आनत नाईत. आदीच कुंभार मनून लोक हासतात."

बा गाढवांकडे पाहत बसला. बराच वेळ पाहत बसला. त्याच्या मनात ते आलं होतं, असं मला आता वाटतं. मी आणखी एकदा म्हटलं असतं तर तो उठला असता. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. धपाट्याला भिऊन नाही. फळीवर बिनडोळ्यांच्या भुलाबाया उभ्या होत्या, आणि गेले काही दिवस येता-जाता मी मनात त्यांचे डोळे काढून पाहत होते.

पुनव आली. सकाळपासून गिऱ्हाइकं दाराशी आली. पाटलीणबाईंनी दोन माणसं आणि डोक्यावर धरायला छत्रीसुद्धा धाडली होती. मायनं वाटेकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि शिंदीची चावून मऊ केलेली काडी माझ्या हातात दिली. कोणीतरी काढलेच पाहिजेत, म्हणाली. मग ती घराच्या मागं जाऊन बसली. तिला ते पाहायचं नव्हतं.

बाई आत्याजवळ बसून शिकली होती आणि मी बाईजवळ बसून. आधी वरची पापणी, एका दमात. मग बुबुळ, मग खालची रेघ, तीही पुरती टेकवायची नाही, थोडी सुटी सोडायची, म्हणजे नजर दूर जाते. पहिला डोळा उघडला आणि भुलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी, मग तिसरी. मांडीवरच्या लेकरांचेही डोळे काढले. पाटलीणबाईंच्या जाड नाकाच्या भुलाबाईचे काढताना ओट्यावर चढून उभी राहिले. बायका म्हणाल्या, पोट्टीचा हात पाहा. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, आणि खरं म्हणजे पुढेही फार वेळा झाला नाही.

बाई येऊ नये असं मी कधी म्हटलं नव्हतं, मनातही नाही. पण त्या दुपारी ती वाटेवर दिसली असती तर मला आधी वाईट वाटलं असतं आणि मग आनंद झाला असता. त्या ‘आधी’ आणि ‘मग’च्या मधल्या जागेत मी इतकी वर्षं राहिले आहे.

दिवाळीला गाडी मिळाली. बा तिला घेऊन आला. ती वाळली होती. तिला दिवस गेले होते आणि त्याच भुलाबाईच्या महिन्यात, ओल्या कवेलूंच्या पाट्या उचलताना, पोटातलं गेलं होतं. तिच्या सासरचे लोक छळणारे नव्हते. पाऊस लवकर थांबला होता, कवेलूंना मागणी होती, सगळं घर राबत होतं, तीही राबली. माहेरी असती तर बसून डोळे काढले असते. हे कोणी बोललं नाही. बाईनं एवढंच विचारलं, की औंदा डोळे कोणी काढले. मायनं माझ्याकडे बोट दाखवलं. बाईनं माझा हात हातात घेतला, बोटांवरचे काट्यांचे बारीक वण पाहिले, आणि म्हणाली, चांगलं केलं.

त्यानंतर ती भुलाबाईला आली नाही.

*

तेजी उतरली. ती लढाई थांबली म्हणे. शिंगांच्या शेंब्या बाजारात गेल्या, पाटलीणबाईंची भुलाबाई पुन्हा वीतभर झाली, नाकही बारीक झालं. बाभळी पुन्हा पिवळ्या फुलांवर आल्या. बायका परत पदरात कापूस टाकायला लागल्या. गेलेलं सगळं जागच्या जागी आलं असं म्हणावं, आणि म्हणताना थांबावं.

माझं तर सगळं बरंच झालं. सरकारनं मुलींची शाळा काढली, मास्तरांना पोरी मिळेनात, त्यांनी बाला गळ घातली. मी चौथीपर्यंत शिकले. बाईला अक्षर ओळखता येत नाही. पुढे बाला मुलगा नाही म्हणून माझ्यासाठी घरजावई आणला. मला सासर झालंच नाही. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले की बायका म्हणतात, रुक्मिणीचं माहेर पाहिलं, पुण्य लागलं. मी हात जोडते आणि मनात येतं, मी जन्मभर माहेरात बसून आहे, मला कसलं पुण्य. आणि आमच्या रीतीप्रमाणे पाहिलं तर मी अजून माहेरवाशीण नाही. कधी होणारही नाही. तरी त्या पुनवेपासून आजवर ह्या गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या भुलाबायांचे डोळे मीच काढले. अमरावतीहून गिऱ्हाईक येतं. म्हणतात, तुमची भुलाबाई कोणाची तरी वाट पाहते असं वाटतं. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, लाजली.

माझी एकुलती लेक लहानपणीच पटकीत गेली तेव्हा मी मुकी झाले होते. पाणी पाजलं तर पीत होते. माय तेव्हा होती. तिनं काही समजावलं नाही, मांडीवर मातीचा गोळा आणून ठेवला. कापूस तुडवलेली माती, तिला एक ऊब असते. मी मळत बसले. मग भुलाबाईच्या मांडीवरची लेकरं करायला लागले, नुसती लेकरंच, हंगाम नसताना. कोपऱ्यात त्यांचा ढीग झाला. एकेकाला डोळे काढले. असंच काढता काढता एका दुपारी मला भूक लागली. भूक लागली याचाच राग आला, पण मी उठून भाकरी खाल्ली. त्या दिवसापासून मी माणसांत आले. मातीनं मला बरं केलं, आत्याच्या आणि तिच्या आधीच्या सगळ्या लेकींच्या हातातून आलेल्या त्या काडीनं मला बरं केलं.

पण ती काडी बाईची होती. तिचं गेलं तेव्हा तिच्या हातात काय होतं? कवेलू. कवेलूला मांडी नसते, डोळे नसतात. थापायचं, वाळवायचं, भाजायचं, दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचं. तिनं कशाकडे पाहिलं असेल, हे मी कधी विचारलं नाही. मला तिच्या औषधानं गुण आला, आणि ती विनाऔषधाची राहिली.

*

वरचं लिहून ठेवलं त्याला काही दिवस झाले. मध्ये पुनव येऊन गेली. तिच्या आदल्या दिवशीचं लिहायचं आहे.

दुपारची वेळ होती. बाकीच्या सगळ्या भुलाबायांचे डोळे मी काढून टाकले होते, एक ठेवली होती, आमच्या घरातली. ती घेऊन बाईजवळ ओसरीवर जाऊन बसले. काजळीची वाटी आणि काडी तिच्या हाताशी ठेवली. तिनं वाटी हुंगली. मी म्हटलं, हिचे तू काढ.

"मले मायेच हात दिसून नाई राह्यले," ती म्हणाली, "ईचे काय काढू? एक इकडे जाईन, एक अकोल्याले जाईन."

मी म्हटलं, जाऊ दे, कुठंही जाऊ दे. मग मला थांबवेना. ज्या गोष्टीबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो ती बोलून गेले. त्या वर्षीचा निरोप, लिंबाखालचं गाठोडं, बाभळीवरचा कापूस, मला झालेला आनंद, सगळं. माझा आवाज फार लहान झाला होता. तिनं नीट ऐकलं का, कोण जाणे. ती भिंतीला टेकून पायाचा अंगठा हलवत होती. मग म्हणाली, माती दे थोडी.

मी गोळा आणून दिला. तिनं तो दोन्ही तळव्यांत दाबला, बोटांनी उकलला, पुन्हा दाबला. इतक्या वर्षांची कवेलू थापलेली तिची बोटं जाड झाली आहेत, टोकं चपटी. ती काय करते ते मला आधी कळलं नाही. वाटलं, नुसता चाळा आहे.

"गाढवं होते ना घरी तवा?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग पाठवाचं होतं ना." ती हसत नव्हती. रागावलीही नव्हती, पीठ सरलं का असं विचारावं तसं बोलत होती. "मी आली असती गाढवावर. लोक हासले असते त हासले असते."

मायचा धपाटा आठवला, आणि बाचं गाढवांकडे पाहत बसणं. आम्ही सगळ्यांनी तिची लाज राखली होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

तिनं गोळ्याचे चार पाय ओढले, पाठ बोटानं खोलगट केली, चिमटीत धरून दोन लांब कान वर काढले. एक कान वाकला, तो तिनं तसाच राहू दिला. मग हातानं चाचपत भुलाबाई शोधली, आणि ते गाढव तिच्या पुढ्यात, पाठ तिच्याकडे करून उभं केलं. भुलोजीला थोडं बाजूला सरकवावं लागलं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. विचारलं, हे यायला का जायला?

"यायले." तिनं हात लुगड्याला पुसले. "सासरी धाडाले गाडी कवाबी भेटते, गंगे. माहेरी आनाले भेटत नाई."

आत माझी सून ताक घुसळत होती. ते थोडा वेळ थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. बाईनं काजळीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"काढ आता. ईले हे दिसलं पाह्यजे."

मी म्हटलं, बाई, मी माहेरवाशीण नाही. ती म्हणाली, हे तिला ठाऊक आहे, पण उजेड जायच्या आत काढ. आणि पुन्हा पदर तोंडावर घेऊन आडवी झाली.

पुनवेला पोरी जमल्या. गाढव पाहून पोट धरधरून हसल्या, एकीनं तर त्याला खिरापत दिली. बाई त्यांच्यात बसून टाळ्या वाजवत होती. शेजारणी मला हळूच विचारून गेल्या, हे काय नवीन काढलं तुम्ही. मी म्हटलं, आमच्या घरची रीत आहे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी भुलाबाई मांडीवर घेतली आणि काडी बुडवली. दरवर्षी मी नजर दूर लावते. यंदा ती खाली, जवळ आणली, गाढवाच्या खोलगट पाठीवर. वरची पापणी एका दमात. बुबुळ. खालची रेघ. इतक्या वर्षांत हात बसला आहे. तो जरासुद्धा थरथरला नाही. त्या दिवशी तरी थरथरायला हवा होता.